पाइपच्या दांडीला दातांजवळ तडा गेलाय, घरी भरता येईल का?

ब्रायर_सातारा
नमस्कार मंडळी. तंबाखू ओढायचा ब्रायरचा (एका झुडपाच्या मुळाजवळच्या गाठीचं लाकूड) जुना पाइप आहे, दांडी काळी, थोडी वाकवलेली. तोंडात धरायच्या टोकापासून साधारण ६ मिमी आत, वरच्या बाजूला लांबीच्या दिशेने ८ मिमीचा तडा आहे. नखाला लागतो आणि फुंकलं की तिथून हवा येते. दांडीवर हिरवट-तपकिरी थर चढलाय. फेव्हिक्विकचा थेंब टाकून काम होईल का? नवी दांडी बसवायची नाहीये, कारण तिच्यावर कंपनीचा पांढरा ठिपका आहे.

सोनारी_कानस
होईल, पण थेंब टाकून नाही. साधं फेव्हिक्विक पाण्यासारखं पातळ असतं. तड्यातून थेट आतल्या हवेच्या वाटेत उतरतं आणि तिथेच घट्ट होतं. वरची भेग तशीच राहते, आतली वाट मात्र बुजते.

आधी दांडी कशाची आहे ते ओळखा. नजरेआडच्या जागी ४०० नंबरचा पॉलिश पेपर दोनदा फिरवा. भुकटी तपकिरी पडली आणि जळक्या रबराचा, गंधकाचा वास आला तर व्हल्कनाइट, म्हणजेच एबोनाइट. भुकटी फिकट आणि वास प्लॅस्टिकचा असेल तर अ‍ॅक्रिलिक. तुमच्या दांडीवर हिरवट थर आहे म्हणजे ती व्हल्कनाइटच. रबरात भरपूर गंधक घालून ते बनवतात. ऊन आणि हवा लागली की पृष्ठभागावरचं गंधक सुटतं आणि रंग जातो.

हा थर काढल्याशिवाय गोंद लावू नका. गोंद थराला चिकटतो, दांडीला नाही, आणि महिनाभरात खपलीसारखा निघतो. ठिपक्यावर व्हॅसलीन लावा. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर (क्लोरीनवाली नको) विरघळवून दांडी ३-४ तास बुडवून ठेवा. पाणी कोमटच हवं. व्हल्कनाइटला आपला मूळ आकार आठवतो, उकळतं पाणी लागलं तर वाकवलेली दांडी सरळ होईल. मग ओल्या ४०० पेपरने थर घासून काढा. आतली वाट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या पाइप क्लीनरने (सूत गुंडाळलेली लवचीक तार) पुसा, क्लीनर पांढरा बाहेर येईपर्यंत. तंबाखूचं डांबर राहिलं तर गोंद धरत नाही.

आता तडा. दोन्ही टोकांना ०.६ ते ०.८ मिमीचं भोक पाडा. हातात फिरवायची बारीक ड्रिल वापरा, मशीन नको. तिथे भिंत जेमतेम १ मिमी असते, मशीन क्षणात पलीकडच्या बाजूला जाते. ही भोकं नसतील तर भरलेला तडा पुढे सरकत राहतो, कारण सगळा ताण त्याच्या टोकावर येतो. मग तिकोनी सोनारी कानसीने तड्याची वरची कड थोडी उघडून उथळ खाच करा आणि आजूबाजूची ५ मिमी जागा २४० पेपरने खरखरीत करा.

व्हिजिटिंग कार्डाची निमुळती पट्टी कापा, तिला सेलोटेप गुंडाळा, त्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा आणि टोकाच्या फटीतून तड्याच्या १० मिमी पुढपर्यंत सरकवा. व्हॅसलीन फक्त पट्टीला. तड्याच्या कडेला लागलं तर अल्कोहोलने पुसून पुन्हा सुरुवात करा.

भरण्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (औषधाच्या दुकानात कॅप्सूलमध्ये मिळतो) मलमलीतून चाळून घ्या. चिमूटभर कोळसा आणि दाट किंवा मध्यम दाट सायनो गोंदाचे (फेव्हिक्विकच्याच जातीचा) ८-१० थेंब, प्लॅस्टिकच्या कागदावर टूथपिकने घोटा. श्रीखंडाइतकं घट्ट झालं पाहिजे. कोळसा जास्त झाला तर भुसभुशीत होऊन खड्डे पडतात. कमी झाला तर भरलेला भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि दातांच्या दाबाने फुटतो. हाताशी मिनिट-दोन मिनिटंच असतात, म्हणून पट्टी आधीच बसलेली हवी. खाच भरून अर्धा मिमी वर उंचवटा ठेवा. पाचेक मिनिटांनी पट्टी हलकेच हलवून बाहेर काढा, रात्रभर ठेवलीत तर अडकेल. मग २४ तास हात लावू नका. लवकर सुकवायचा स्प्रे मारू नका, त्याने आत बुडबुडे येतात.

उंचवटा सपाट कानसीने उतरवा, शेवटचा केसभर २४० पेपरने. पुढे ४००, ६००, १०००, १५००, २००० ओले. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे दिसतात. शेवटी लिक्विड पॅराफिनचा हात.

एक गोष्ट जपा: सायनो गोंद कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर झपाट्याने तापतो, चटका बसतो. पुसायला कापूस घेऊ नका. काम खिडकीजवळ करा, वाफ डोळ्यांत जाते.

मॉर्टिस
वरचं सगळं बरोबर, एक भर. दाताने पडलेला नुसता खड्डा असेल तर गोंदाची गरज नसते. व्हल्कनाइटवर लायटरची ज्योत लांबून, सतत हलवत फिरवली की खड्डा वर येतो. तडा मात्र उष्णतेने जुळत नाही. आणि क्रम पाळा: उष्णतेचं काम आधी, गोंद नंतर. सायनो गोंद ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, म्हणून भरलेली दांडी पुढे कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका.

अ‍ॅक्रिलिक दांडी असलेल्यांनी वरचं अल्कोहोल वापरू नये, पृष्ठभागावर बारीक चिरांचं जाळं पडतं. साबणाचं पाणी पुरे.

ब्रायर_सातारा
आभारी आहे. भरून २४ तास झाले. हवा बंद झाली, पण भरलेल्या जागेभोवती पांढुरकी साय दिसते, आणि कानस मारल्यावर टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं उघडी पडली.

सोनारी_कानस
पांढुरकेपणा गोंदाच्या वाफेचा. पावसाळी दमट हवेत जास्त येतो. ६०० पेपरने निघेल. छिद्रं म्हणजे घोटताना अडकलेली हवा. टूथपिकच्या टोकाने त्यात पातळ गोंदाचा एकेक थेंब सोडा, इथे मात्र फेव्हिक्विकच योग्य. तासाभराने पुन्हा ४०० पासून. वापरण्याआधी पाइप क्लीनर टोकापर्यंत सहज जातो का ते बघा. दातांत धरायची सवय असेल तर टोकावर रबरी टोपी घाला, भरलेली जागा मूळ दांडीइतकी लवचीक नसते.

लेथवर_हात
हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. तडा तोंडाच्या टोकाला नसून लाकडात जाणाऱ्या खुंटीला, म्हणजे टेननला असेल तर वरचा उपाय करू नका. दांडी बसवताना-काढताना प्रत्येक वेळी तिथे पीळ पडतो, गोंद टिकत नाही. खुंटी मुळाशी कापून डेलरिनच्या (एक कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक) सळईची नवी बसवा. दांडीतलं भोक लेथवरच वाढवा. हाताने केलं तर मध्य चुकतो आणि दांडी लाकडाला सपाट बसत नाही, एका बाजूला फट राहते. डेलरिनला गोंद जवळजवळ धरत नाही, म्हणून बसणाऱ्या भागावर आटे पाडा. गोंद आट्यांत अडकून पकड देतो.

लाकडी मानेलाही (खुंटी जिच्यात बसते तो भाग) तडा असेल तर त्याच्या टोकाला भोक, आत पातळ गोंद, आणि वरून सोनाराकडून चांदीचं कडं. आतला व्यास मानेपेक्षा किंचित कमी ठेवायला सांगा, कडं गरम करून दाबून बसवतात. कडं बसलं की आतलं भोक थोडं आवळतं, म्हणून खुंटीचं माप त्यानंतरच घ्या. पाइप गरम असताना दांडी काढू नका. खुंट्या आणि माना बहुतेक तेव्हाच फुटतात.