घशाच्या गाठीची ‘सुईची तपासणी’ : नेमकं काय लिहावं?

भाषांतरवाली : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. शीर्षकावरच अडले आहे : ‘घशातील अर्बुदासाठी श्राव्यातीत ध्वनी-मार्गदर्शित सुई जीवोतक परीक्षा’. शब्द सगळे कोशातले, पण वाचणार कोण?

जुना वाचक : कुणी नाही. आधी ‘मार्गदर्शित’ काढा, मार्गदर्शन दहावीच्या मुलांना करतात. ‘सोनोग्राफीत बघत सुईने केलेली बायोप्सी’ लिहा, लांबलं तरी चालेल. जीवोतक (जीव + ऊतक) घडणीने वाईट नाही. ‘बायोप्सी’ही घडवलेलाच शब्द, फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेनिए यांनी १८७९ मध्ये ग्रीकमधून केलेला. तो रुळला, आपला कोशातच राहिला.

लॅबवाली : मी पॅथॉलॉजीत आहे. पेशंट ‘सुईची तपासणी’ म्हणतात ती बहुधा एफएनएसी (फाइन नीडल ॲस्पिरेशन सायटॉलॉजी). २३ ते २५ गेजची बारीक सुई, तिने ओढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून बघायच्या. कोअर बायोप्सीची सुई जाड, साधारण १८ गेजची. (गेजचा आकडा वाढला की सुई बारीक होते, उलटाच हिशेब!) तिच्यात शेवईसारखा तुकडा येतो आणि पेशींची मांडणीही दिसते. लिम्फोमाची (लसिकासंस्थेच्या कॅन्सरची) शंका असेल तर सुट्या पेशींवर सहसा भागत नाही. दोन्हींना नुसतं ‘सुई’ म्हटलं की नातेवाईक विचारणारच, “सुई तर झाली, परत कशाला?” म्हणून ‘पेशींची तपासणी’ आणि ‘तुकड्याची तपासणी’ असं वेगळं लिहाच.

भाषांतरवाली : आणि ‘घसा’ बरोबर आहे ना?

लॅबवाली : मूळ मजकूर कशाबद्दल आहे त्यावर. घसा आतला, गळा बाहेरून हाताला लागतो तो. थायरॉईडची किंवा मानेतल्या लसिकाग्रंथीची (लिम्फ नोडची) गाठ असेल तर ‘गळ्याची’, ‘मानेची’ गाठ. स्वरयंत्रातल्या गाठीचा तुकडा एरवी दुर्बिणीतून, बऱ्याचदा पूर्ण भूल देऊन घेतात. आता काही ठिकाणी तिथेही सोनोग्राफीत बघत मानेच्या त्वचेतून सुई घालतात, जागा बधिर करून. मात्र हवेतून सोनोग्राफीच्या लहरी नीट जात नाहीत, त्यामुळे प्रत्येक गाठ अशी गाठता येत नाही.

भाषांतरवाली : मूळ मजकूर स्वरयंत्राचाच आहे. म्हणजे ‘घशातली गाठ’, पण सुई ‘मानेतून’.

जुना वाचक : ‘अर्बुद’ नकोच. ‘ट्यूमर’ही नको, लोक त्याचा अर्थ थेट कॅन्सर घेतात. तपासणीआधी ती फक्त गाठ.

लॅबवाली : ‘टोचणे’ वापराल तिथे जपून. “गाठीला सुई लावली की पसरते” हे ऐकून माणसं टेबलावरून उठून जातात. बारीक सुईने तसं होणं फार क्वचित, हे वाक्य पहिल्याच पानावर घ्या. आणि ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा’ ही ओळ ठळक छापा. मूळ इंग्रजीत ती तळटीपेत असली तरीही.