अनुभव धागा : जर्बिलं कंटाळतात, मग निसटतात. तुम्ही त्यांना कसं गुंतवून ठेवता?

जर्बिल म्हणजे उंदरासारखा छोटा, बिळात राहणारा प्राणी. तो पाळणाऱ्यांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. 'दिवसभर कोपऱ्यात काच खरवडत बसतं' ही एक, आणि 'काल परत पळालं' ही दुसरी. माझं ठाम मत आहे की दोन्हींचं मूळ एकच. घरात करण्यासारखं काही उरलं नाही की जर्बिल बाहेरची वाट शोधायला लागतं. म्हणून हा धागा काढतेय.

पाळायला मिळतं ते बहुतेक वेळा मंगोलियन जर्बिल असतं. मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या, गवताळ मुलखातला हा प्राणी. तिथे तो कुटुंबकबिल्यासकट जमिनीखाली राहतो. बिळात घरट्याची खोली वेगळी, दाण्यांचं कोठार वेगळं, आणि बाहेर पडायला अनेक तोंडं. १९३५ मध्ये अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या २० जोड्यांपासून जपानमध्ये प्रयोगशाळेतला वंश सुरू झाला, १९५४ मध्ये त्यातली काही जर्बिलं अमेरिकेत गेली, आणि आज घराघरांत दिसतात ती बहुतांशी त्यांचीच संतती. म्हणजे माणसाच्या सहवासात येऊन त्यांना अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. खणायची ओढ आहे तशीच आहे.

तुमचा अनुभव लिहा. घर काचेचं की जाळीचं, बेडिंग (खणायला तळाशी पसरायचा मऊ थर) किती खोल, आणि नेमकं काय बदलल्यावर फरक पडला, हे आवर्जून सांगा. सुरुवात मीच करते.

दोघी बहिणी, काचेची टाकी

आमच्या दोन जर्बिलांपैकी करडी एकाच कोपऱ्यात खणत राहायची. पुढचे पंजे काचेवर इतके भराभर चालायचे की वेगळे दिसायचे नाहीत. मध्येच थांबायची, मागच्या पायांनी साचलेला भुगा उडवायची, वळून तो नाकाने आणखी मागे ढकलायची आणि पुन्हा तोच कोपरा. वाटलं, हिला खणायला हवंय. मोठ्या ट्रेमध्ये वाळू दिली. थोडा वेळ वाळूत लोळायची, खणायची, की परत कोपऱ्यात.

क्रिस्टोफ विडेनमायर यांचा १९९७ चा अभ्यास नेमका याच प्रश्नावर आहे. ज्या पिल्लांना खणायला कोरडी वाळू होती पण बीळ नव्हतं, त्यांना एकाच जागी खणत राहायची सवय लागली. ज्यांना बोगदा आणि त्याच्या टोकाला खोली असं तयार बीळ मिळालं, त्यांना स्वतः काही न खणताही ती लागली नाही. जर्बिल खणतं ते बिळात पोचण्यासाठी. बीळ होतच नाही, म्हणून खणणं संपत नाही. हे वाचल्यावर मी टाकीकडे बघायची नजरच बदलली.

आता कागदी बेडिंग आणि सुकं गवत थरावर थर देते आणि प्रत्येक थर तळहाताने चांगला दाबते. खोली २५ ते ३० सेंमी, एका बाजूला त्याहून जास्त. गवताच्या काड्यांमुळे बोगद्याचं छत धरून राहतं. नुसतं भुसभुशीत बेडिंग कितीही ओतलं तरी मागून कोसळत जातं आणि बिचाऱ्यांची मेहनत वाया जाते. शिवाय तळाशी एक लाकडी पेटी आणि तिच्यापर्यंत जाणारी पुठ्ठ्याची नळी ठेवली आहे. नळीला एक वळण दिलंय म्हणजे पेटीत अंधार राहतो. पेटी मात्र टाकीच्या तळावर टेकलेली हवी. जड वस्तू बेडिंगवर ठेवली आणि त्यांनी ती खालून पोखरली तर ती खचते, आणि खाली असलेलं जर्बिल चिरडलं जाऊ शकतं.

करडीची सवय पूर्ण गेली नाही. पण आता ती कोपऱ्यात जाते, चार पंजे मारते आणि नळीत शिरते.

तिघे भाऊ, पळण्यात पटाईत

बिळाबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. पण झाकण भक्कम नसेल तर बाकीच्याला अर्थ उरत नाही, म्हणून मी निसटण्यावरच लिहितो.

बेडिंग खोल केलं की उडी मारायची जमीन वर येते. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पेटीच्या टपावरून झाकणापर्यंतचं अंतर मोजून बघा. उभ्या जागेवरून फूटभर उडी त्यांना काहीच वाटत नाही. आमच्यातला मधला तर झाकण नुसतं टेकवलेलं आहे का हे डोक्याने ढकलून रोज तपासतो. मी बारीक छिद्रांची लोखंडी जाळी लाकडी चौकटीवर बाहेरच्या बाजूने ठोकली आहे, आतल्या बाजूला लाकडाची एकही कड उघडी नाही, आणि चारही बाजूंना क्लिपा आहेत. जाळीतून हवा खेळती राहते, त्यामुळे काच किंवा प्लॅस्टिकचं बंद झाकण नकोच.

प्लॅस्टिकच्या तळाचे आणि रंगीत नळ्यांचे पिंजरे जर्बिलासाठी नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे जे दिसेल ते कुरतडणं त्यांना भागच असतं, आणि प्लॅस्टिक त्या दातांपुढे टिकत नाही. सळ्यांच्या पिंजऱ्यात वेगळाच त्रास. सळ्या चावून चावून नाकावरचे केस जातात आणि जखम होते. अशी जखम दिसली तर नुसतं मलम लावून थांबू नका, घर बदला. प्राण्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा, कारण नाकाशी जखम व्हायला इतर कारणंही असतात.

आणि कळकळीची विनंती : निसटताना दिसलं तरी शेपटी धरू नका. जर्बिलाच्या शेपटीची कातडी ओढ बसली की सोलून येते आणि ती परत कधीच येत नाही. पळालेलं जर्बिल सापडतं. शेपटी गेली की गेली.

मायलेकी, आणि घरात दोन लहान मुलं

पळालेलं जर्बिल सापडतं, याला माझा दुजोरा. माझी मुलगी दाणे घालत असताना आमची जर्बिल भिरभिरी तिच्या बाहीवरून वर चढली आणि थेट जमिनीवर.

पहिलं काम, खोलीचं दार बंद करून दाराखालच्या फटीत टॉवेल. दुसरं, जमिनीजवळच्या सगळ्या वायरी प्लगमधून काढणं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याला आधी बाहेर. मग मुलांना सांगितलं, धावायचं नाही, खाली बसायचं आणि गप्प राहायचं. पाठलाग केला की ते कपाटामागे जाऊन बसतं. शांत बसलं की बाहेर येतं, कारण जर्बिलासारखा चौकस प्राणी दुसरा नाही. कपाटामागून मागचे पाय आपटल्याचा आवाज आला, धप धप धप. हा त्यांचा धोक्याचा इशारा. कुठे आहे ते कळलं.

मी पुठ्ठ्याची एक लांब नळी भिंतीलगत आडवी ठेवली आणि तोंडाशी भोपळ्याची एक बी. आधी मिशा आल्या, मग नाक. मग ती पूर्ण बाहेर येऊन मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पंजे छातीशी धरलेले, मान इकडे, मान तिकडे. बी उचलली, तिथेच सोलली, टरफल टाकलं, आणि नळीत काय आहे ते बघायला आत गेली. मी दोन्ही तोंडांवर हात ठेवले आणि नळीसकट टाकीत. कुठेच चाहूल लागत नसेल तर रात्री जमिनीवर पिठाचा पातळ थर पसरून ठेवा, सकाळी पावलांवरून दिशा कळते. टाकीही खाली आणून ठेवा. आतल्या सोबतिणीचा वास तिला ओळखीचा असतो.

तेव्हापासून त्यांना आम्ही स्वतःहूनच बाहेर काढतो. कोरडा बाथटब, पाणी जायचं भोक बंद, तळाला जुना टॉवेल, त्यात खोके आणि नळ्या, आणि मध्ये आमच्यापैकी एकजण मांडी घालून. भिंती गुळगुळीत असल्यामुळे चढता येत नाही. पहिल्यांदा त्या फक्त कडेकडेने फिरल्या. आता मांडीवर चढतात, खिशात शिरतात, आणि मुलांना हात स्थिर ठेवायची सवय आपोआप लागली. टाकीत परत गेल्यावर दोघी लगेच घरट्यात जाऊन झोपतात.

दोन नर, चाकवाले

कुणीच चाकाचं नाव काढलं नाही! चाक हवंच. पण सळ्यांचं नको, त्यात पाय आणि शेपटी अडकते. पळायचा भाग सलग हवा, आणि पूर्ण वाढलेल्या जर्बिलाला साधारण २८ सेंमी व्यास लागतो. धावताना पाठ वाकलेली दिसली तर चाक लहान आहे. धातूचं किंवा लाकडी घ्या. प्लॅस्टिकचं का नको ते वर आलंच आहे.

दोघी, रोज भुगा करणाऱ्या

वाटीत दाणे देणं मी बंद केलं, आणि सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. रोजचे दाणे बेडिंगवर विखरून टाकते आणि वरवर कालवते. वाटीतलं खाणं मिनिटांत उरकायचं, आता दोघी संध्याकाळभर नाक खुपसून फिरतात, निम्मं खातात, निम्मं पुरतात. पुरलेलं उकरून काढू नका, ते त्यांचं कोठार आहे. ताजं काही दिलं असेल तर तेवढं मात्र शोधून काढावं लागतं, नाहीतर बुरशी येते. सूर्यफुलाच्या बिया त्यांना जीव की प्राण, पण त्यात चरबी भरपूर आणि कॅल्शियम कमी. त्या फक्त हातातून देते, एखाददुसरी.

पुठ्ठ्याला तोड नाही. नळीत मूठभर गवत आणि दोन-चार दाणे भरायचे, दोन्ही तोंडं दुमडायची आणि आत पुरून ठेवायची. खोक्यांवरची चिकटपट्टी, पिना आणि चकचकीत छापील थर आधी काढा. कुरतडताना येणारा तो करकर आवाज ऐकला की मला बरं वाटतं.

एकटा उरलेला नर

भाऊ गेल्यावर आमचा बंड्या चाकावर चढेना, नळीत जाईना. दाणे टाकले तर जागच्या जागी खायचा आणि बसून राहायचा. त्याला खेळणी वाढवून काहीही उपयोग झाला नाही. जर्बिल कळपातलं जनावर आहे, एकट्याला सगळं दिलं तरी ते अपुरंच.

म्हणून एक लहान नर आणला. अनोळखी जर्बिलं थेट एकत्र सोडायची नाहीत, ती जिवावर उठतात. टाकीच्या मधोमध जाळी, दोन बाजूंना दोघे, आणि दिवसातून अनेकदा बाजूंची अदलाबदल, म्हणजे एकमेकांच्या वासाची सवय होते. दोघे जाळीला लागून झोपायला लागले तेव्हा जाळी काढली. त्या वेळी हातात जाड मोजे घालून मी शेजारीच होतो. भांडताना एकमेकांत गुंडाळून चेंडू झाला तर मोजे घातलेल्या हाताने तत्काळ वेगळं करावं लागतं. तशी वेळ आली नाही. बंड्याने नव्या नराचं डोकं चाटलं आणि तो खाली दबून राहिला. त्याच आठवड्यात दोघांनी मिळून मधला बोगदा पाडून नवा काढला.

एक छोटी भर

टाकी सारखी सारखी पूर्ण धुऊ नका. पोटावरच्या ग्रंथीने जर्बिलं सगळीकडे आपला वास लावून ठेवतात. सगळं एकदम बदललं की बावरतात, कधी आपसात भांडतातही. मी वापरलेलं कोरडं बेडिंग आणि घरट्याचा थोडा भाग राखून नव्यात मिसळते. बीळ चांगलं असेल तर तो भाग हलवतच नाही.

तीन वर्षं ओलांडलेली आजी

जर्बिलांचं आयुष्य साधारण तीन ते चार वर्षांचं, म्हणून म्हाताऱ्यांबद्दलही लिहायला हवं. आमच्या आजीला आता खोल खणणं जमत नाही, पण बिळात राहायची इच्छा तीच आहे. त्यामुळे बोगदा मी बांधून देते : रुंद नळ्या, उतार अगदी हलका, टोकाला पेटी, पेटीत मऊ कागदाच्या पट्ट्या. पट्ट्या रचायचं काम तिचं, त्यात मी हात घालत नाही. पाण्याची बाटली खाली आणली आणि उंच फळ्या काढून टाकल्या. खणणं कमी झाल्यामुळे नखं वाढतात, ती डॉक्टरांकडून कापून घेते. वाळूचं भांडं तेवढं तसंच ठेवलं आहे, कारण त्यात लोळणं ती अजून एकही दिवस चुकवत नाही.