सिंगापूर क्रूझ: हॉटेल लिटिल इंडियात की मरीना बेला?

सिंगापूरहून क्रूझला निघताना सोबत दोन ज्येष्ठ, दोन मुलं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर लिटिल इंडिया या भारतीय वस्तीत राहायचं, की मरीना बेच्या हॉटेलचा खर्च करायचा? आधी तिकिटावर टर्मिनलचं नाव बघा. सिंगापुरात क्रूझची टर्मिनलं दोन आहेत, हार्बरफ्रंट आणि मरीना बे, आणि घोळ नेमका इथेच होतो.

हार्बरफ्रंट असेल तर जांभळ्या मेट्रोवर कुठेही राहा. लिटिल इंडिया, फेरर पार्क किंवा चायनाटाऊनहून गाडी न बदलता थेट शेवटचं स्टेशन. मरीना बे क्रूझ सेंटर असेल तर लाल लाइनचं शेवटचं स्टेशन, मरीना साउथ पिअर. लिटिल इंडियाहून एकच स्टेशन पुढे धोबी घाटला (हो, तिथलंही नाव तेच!) गाडी बदलायची. पण बॅगा आणि ज्येष्ठ असताना ती अदलाबदल नकोच, टॅक्सी बरी. साध्या टॅक्सीत चार माणसं बसतात, चार मोठ्या बॅगा मात्र मावत नाहीत. सहा सीटरच बोलवा. मूल १.३५ मीटरपेक्षा बुटकं असेल तर ॲपवरच्या खासगी गाडीत बूस्टर सीट लागते. टॅक्सीला त्यातून सूट आहे.

म्हणून माझं मत लिटिल इंडिया. शाकाहारी जेवण हाकेच्या अंतरावर, भाडंही कमी. फक्त रविवारी संध्याकाळी तिथे तोबा गर्दी असते, खोली आतल्या बाजूची मागा.

परतीला जहाज सकाळी रिकामं होतं, हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. बॅगा रिसेप्शनला ठेवा. रात्रीचं विमान असेल तर हॉटेल घेऊच नका, चांगी विमानतळावर सामानघर आहे. आणि जहाज मलेशियाला जाऊन येत असेल तर सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा.