रॉटरडॅमचा ठोका, शिमग्याचा ढोल

खाडीकाठचा (रत्नागिरी): काल इथे एकाने लिहिलं, "हार्डकोर म्हणजे भाताची गिरण. हॉलंड, फ्रान्स, इंग्लंड, सगळीकडे तीच धडधड." वाचून रात्रभर डोक्यात राहिलं. हार्डकोर म्हणजे मशीनवर बनवलेलं, वेगवान ठोक्याचं नाचाचं संगीत, आणि त्याच्या जाती अनेक. त्यातला गॅबर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉटरडॅममध्ये घडला. ९०९ नावाच्या ड्रम मशीनची किक, म्हणजे खालचा जड ठोका, इतकी चढवायची की ती फाटते, आणि त्या फाटण्यालाच सूर येतो. मिनिटाला १६० ते १९० ठोके. इंग्लंडचा हॅपी हार्डकोर जवळपास तेवढाच पळतो, पण त्यात पियानो आणि वेग वाढवून चिरका केलेला गळा. फ्रेंचकोर २००च्या आसपास, दोन किकच्या मधे उसळणारा बेस. हार्डस्टाइल १५०वर, म्हणून तिच्यात चाल मावते. हे सगळं एकच?

चिपळूणकर ७२: मीच लिहिलं होतं. आकडे ठेवा बाजूला. गणपतीत डीजेची भिंत आमच्या दारात दोन तास उभी होती. आजी खाटेवर छाती धरून बसलेली. १५० होते की १९०, मोजत बसू?

खाडीकाठचा: ती भिंत सिनेमाच्या गाण्यांची होती हो! आवाज मोठा ठेवणाऱ्याचा राग संगीतावर का काढता?

ढोलकरी, मालवण: माझो बापूस शिमग्यात ढोल वाजवी. आता पोरां डीजे मागतत. हेच्यार कोण बोलणा नाय!

चिपळूणकर ७२: बोला की. आमच्याकडे पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या विसाव्याच्या जागेवरून, उठली की खालू बाजा, आपला ढोल-सनईचा ताफा, लागतो, अंगावर काटा येतो. दोन वर्षांपूर्वी तिथेही स्पीकर आणले. सनईवाला मागे हात बांधून उभा राहिला. तो चेहरा मी विसरणार नाही.

बोटीवरचा (गुहागर): रॉटरडॅम बंदरात उतरलोय मी. क्रेन, कंटेनर, गोदीत राबणारी माणसं. राजधानी अ‍ॅमस्टरडॅमचा तोरा त्यांना खुपायचा. १९९२च्या एका गॅबर रेकॉर्डचं नावच 'अ‍ॅमस्टरडॅम, ते कुठे आलं?' या अर्थाचं. तो ठोका त्या गावचा आहे, जसा खालू बाजा आपला.

चिपळूणकर ७२: तुलना करू नका. ढोलामागे देव आहे.

ढोलकरी, मालवण: देव आसा, खरां. पण मुंबयच्या पावण्याक आमच्या गावचो नि शेजारच्या गावचो ढोल सारखोच वाटता. तेका मी काय सांगतंय? "जवळ ये, आयक."

चिपळूणकर ७२: ...बरं. फ्रेंचकोर आणि हॅपी हार्डकोर, एकेक पाठवा. हेडफोनवर ऐकतो. भिंतीबद्दल लिहिलेलं एक अक्षरही मागे घेणार नाही.

खाडीकाठचा: भिंतीबद्दल मीही तुमच्याच बाजूचा. पाठवतो.