लेपर्ड गेको खात नाहीये आणि बोटांवर कात अडकलीय, काय करू?

लेस्टरची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात राहतो. मुलीच्या मैत्रिणीकडची लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल, मादी, पूर्ण वाढलेली) ते लोक घर बदलत होते म्हणून टाकीसकट आमच्याकडे आली. सुरुवातीला थोडे रातकिडे खाल्ले आणि मग बंदच, समोर किडा नाचला तरी नुसती टकमक बघते नि परत गुहेत. टाकी काचेची, आत वाळूचा जाड थर, एका बाजूला खाली हीट मॅट, काचेवर चिकटवलेला थर्मामीटर 27 दाखवतो. परवा कात टाकली पण मागच्या पायाच्या बोटांवर पांढरं काहीतरी राहिलंय. त्यात सासूबाई आल्यात साताऱ्याहून, त्यांचं म्हणणं आम्ही पाली झाडूने हाकलतो आणि तुम्ही हिला वाढून देताय 😅 आम्ही शाकाहारी, किडे घरात ठेवण्यावरून आधीच वाजलंय. भाजी, फळं चालतील का? आणि डॉक्टरकडे लगेच न्यायचं का?

गेकोवाला_काका
भाजी-फळं विसरा ताई, हिला ती पचतच नाहीत. गाजर, पालेभाजी द्यायची ती किड्यांना, म्हणजे किड्याचं पोट भरलेलं असलं की तेच पोषण हिच्या पोटात जातं. शिवाय किडे कॅल्शियम पावडरमध्ये घोळवून द्यायचे, नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो आणि मग ते दुरुस्त व्हायला फार वेळ लागतो.

आता मूळ मुद्दा. काचेवरचा थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो, पण ही जनावरं पोट जमिनीला टेकवून ऊब घेतात. गरम बाजूच्या जमिनीचं तापमान 31 ते 33 हवं, थंड बाजूला 24-25. खाली गार असेल तर खाल्लेलं पचत नाही, मग ती खातच नाही, साधा हिशोब आहे. टेम्परेचर गन घ्या, स्वस्त मिळते, आणि ती बसते तिथे नेम धरून बघा. मॅटला थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आपोआप राखणारं यंत्र) आहे ना? नसेल तर आधी तो लावा, कारण जाड थराखाली मॅट तापत राहते आणि वर ऊब पोचत नाही, उकरत खाली गेली तर पोट भाजेल.

मृण्मयी_एम
बोटांचं आजच बघा, ते जास्त घाईचं आहे. अडकलेली कात सुकली की आवळते, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं, बऱ्याच जणांकडच्या गेकोला बोटं कमी असतात ती यामुळेच. डब्यात पोटाला लागेल एवढंच कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं, मग ओल्या इअरबडने हलकेच फिरवत काढायचं. ओढायचं नाही. नाही निघालं तर उद्या परत. शेपूट कधीही धरू नका, घाबरली तर टाकून देईल. नवीन येते पण बुटकी, गाजरासारखी.

आणि एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ ठेवा, उबदार बाजूला. कात टाकायच्या आधी ती आपणहून जाऊन बसते. टाकलेली कात खाऊनही टाकते, तेव्हा दचकू नका.

माळरान_भटक्या
थोडं विषयांतर. हिची चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रातही आहे, युब्लेफॅरिस फस्कस, आणि 2014 मध्ये सातपुड्यातून आणखी एका जातीचं वर्णन झालं. तुमची ती मॅक्युलेरियस जात, अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत इकडची. गावाकडे विषारी म्हणून दिसली की ठेचतात, विष वगैरे काही नसतं. सासूबाईंना सांगा, ही भिंतीवर चढतच नाही, बोटांना चिकट गाद्या नाहीत, आणि घरच्या पालीला नसतात त्या पापण्या हिला असतात, चक्क डोळे मिटते. राहते ती खडकाळ, कडक जमिनीवर, भुसभुशीत वाळूत नाही. त्यामुळे ती वाळू काढाच, किड्याबरोबर पोटात गेली तर आतडं तुंबतं. किचन टॉवेल अंथरा सध्या, दिसायला भिकार पण शी नीट दिसते.

लेस्टरची_सून
गन आणली. गरम बाजूला 25!! थर्मोस्टॅट नव्हताच. वाळू काढली, टॉवेल घातलाय, बोटं दोन मोकळी झाली एक बाकी. शेपूट जाडच आहे अजून.

गेकोवाला_काका
शेपूट जाड म्हणजे साठा आहे, घाबरायचं कारण नाही. चरबी तिथेच असते. तुमच्याकडच्या थंडीत एकट्या मॅटवर भागेल असं मला वाटत नाही, दिवसा वरून हॅलोजन लावा, त्याला डिमिंग थर्मोस्टॅट (दिवा हळूहळू मंद-प्रखर करणारा) लागतो, मॅटवाला चालत नाही. लाल बल्ब नको. तापमान जमलं की दोन दिवस थांबून संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर एकच किडा द्या, न खाल्लेले रात्रभर आत सोडू नका, रातकिडे झोपलेल्या गेकोला चावतात.

मृण्मयी_एम
काकांशी सहमत, पण डॉक्टरचा नंबर शोधून ठेवाच, सरपटणारे प्राणी बघणारा, कुत्र्यामांजरांचा नाही. शी पातळ, घाण वासाची किंवा शेपूट बारीक व्हायला लागली तर थांबू नका. किचनच्या वजनकाट्यावर दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन घ्या, खाली टिश्यू घालून, आणि नंतर हात साबणाने धुवा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो. मुलीलाच हे काम द्या, वही घालून.