हॉस्टेलमध्ये मानसिक आरोग्याचा गट : सुरुवात कुठून करू?

सेकंडइयर_सिंधुदुर्ग
स्टुडंट कौन्सिलनं मानसिक आरोग्याचं काम माझ्याकडे दिलंय. आजवर १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, रॅली आणि पोस्टर, एवढंच व्हायचं. मला हॉस्टेलात वर्षभर चालणारा गट हवाय, आणि फॅमिली अडॉप्शनच्या गावातही (एमबीबीएसमध्ये आम्हाला जिथली कुटुंबं नेमून दिलेली असतात तिथे) काही करायचंय. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म, वाटून भरून घेतला तर चालेल?

हातखंबा_तिठा
सरसकट वाटू नकोस. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी त्या मुलाशी बोलावं लागतं. निनावी फॉर्म आठवड्यानं एक्सेलमध्ये भरायला घेतलेस, तर तो कोण हे शोधणार कसं? आधी सायकिअ‍ॅट्री विभागातून एक डॉक्टर आणि ठरलेली वेळ मिळव. बेरीज २७ पैकी १० किंवा जास्त म्हणजे तपासणीला पाठवायचं, निदान झालं असं नाही. आकडे रिसर्च पेपरला वापरायचे असतील तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधीच घे.

गटात प्रत्येक बॅचचे दोघं घे. नुसत्या फायनलवाल्यांवर भिस्त ठेवलीस तर परीक्षा आली की गट बसला. काम ऐकून घ्यायचं आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. गोळी सुचवायची नाही. गुप्ततेचा अपवाद पहिल्याच भेटीत सांगायचा : जिवाला धोका दिसला तर मी डॉक्टरांना कळवणार. तो नंतर सांगितलास तर त्या मजल्यावरचं कोणी पुन्हा तोंड उघडणार नाही. "जीव नकोसा वाटतो का?" हे सरळ विचार, विचारल्यानं डोक्यात भरतं, ही भीती खोटी. "हो" आलं तर एकटं सोडायचं नाही, थेट कॅज्युअल्टी. रात्री कोणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही.

पीएसएमवाली
गावात 'मानसिक आजार शिबिर' असा बोर्ड लावलास तर वाडीतलं कोणी फिरकणार नाही. बीपी-शुगर तपासणी ठेव आणि तिथेच झोप-भुकेचं विचार. तक्रार "काळीज धडधडता, झोप येणा नाय" अशीच येते. आशाताईंना सोबत ने, पण प्रश्न त्यांच्या पाठीमागे विचार. त्या त्याच वाडीतल्या असतात. बंदरावरच्या गावात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा पुरुष घरी सापडतात. आंब्याच्या हंगामात बागायतीच्या गावांना जाऊच नकोस.

देवाला गाऱ्हाणं घातलंय म्हणाले तर हसू नकोस, गोळीशी त्याचं भांडण नाही. गोळी सुटते ती वेगळ्याच कारणानं. एसएसआरआयनं (नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या) सुरुवातीला मळमळतं आणि गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या दिवसांत माणूस पाकीट फळीवर टाकतो. म्हणून आठ-दहा दिवसांनी एक फेरी मारच.

सेकंडइयर_सिंधुदुर्ग
फॉर्म थांबवतो. गावातल्या पेशंटला रत्नागिरीलाच पाठवावं लागतं का?

हातखंबा_तिठा
नाही रे, बहुतेकांना ओपीडी पुरते. तुमच्याच सायकिअ‍ॅट्री ओपीडीचा वार आणि खोली नंबर चिठ्ठीवर लिहून दे. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय भरती लागली तरच. ते नाव आधी काढलंस तर घरचे पेशंटला उंबऱ्याबाहेर काढणार नाहीत.