इनस्क्रिप्ट मुलांना झेपतं
"मुलांना इनस्क्रिप्ट शिकवण्यात वेळ घालवू नका, रोमनमध्ये टाइप करून मराठी उमटली की झालं" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. इनस्क्रिप्ट म्हणजे देवनागरी अक्षरं थेट कळांवर असलेली कळफलकाची रचना. मोठ्यांचं ठीक आहे. पण पाचवीतलं पोर 'पाणी' लिहायला इंग्रजी अक्षरं जुळवतं आणि सुचवलेल्या शब्दांतला पहिला उचलतं. णि की णी, याचा विचारच होत नाही. इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या कळाच वेगळ्या, त्यामुळे ठरवावंच लागतं. शिवाय क-ख एकाच कळीवर, ग-घ एकाच कळीवर, स्वर डाव्या हाताला. बाराखडी येणाऱ्याला हे पटकन कळतं. १९८६ साली सरकारने हीच रचना प्रमाण ठरवली होती.

आमच्या शाळेत दोन जुने डेस्कटॉप आणि बावीस मुलं. पहिल्या दिवशी सगळी एकाच जागी अडली. वहीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची सवय, म्हणून इथेही ती कळ आधी दाबली. पडद्यावर टिंबांचं वर्तुळ! "बाई, हे काय आलं?" आधी क, मग वेलांटी, हे एकीला सापडलं आणि तिनेच बाकीच्यांना शिकवलं. जोडाक्षरांना मात्र दोन आठवडे गेले.